गाद्यांच्या तंबूतलं इंजिन

इंजिन सगळ्यांना सारखं मिळावं, हे उस्तादच बोलले होते. भर बैठकीत, उभं राहून, सगळ्या टीमच्या मालकांसमोर. नंतर पुष्कळ वेळा त्यांच्या मनात आलं, की त्या दिवशी आपला घसा बसला असता तर किती बरं झालं असतं. पण घसा अगदी ठणठणीत होता.

उस्ताद हे त्यांचं वर्कशॉपमधलं नाव. शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं बांधण्यात त्यांचं आयुष्य गेलं. टीम लहान, घरचीच म्हणा ना. इंजिन उस्तादांचं, जाहिरातदार गाठायचं आणि गोड बोलायचं खातं धाकट्या भावाकडे, आणि गाडी चालवायला उस्तादांची मुलगी ठकी. ठकी हे लाडाचं नाव. एकदा हेल्मेट चढवलं की तिच्याशी लाडानं बोलायची कुणाची टाप नव्हती.

वळणावर ठकी कुणाच्या बापाला ऐकत नसे, स्वतःच्यासुद्धा. ब्रेक उशिरा लावायची, फट दिसली की आत घुसायची आणि दोघातिघांना मागे टाकून मोकळी व्हायची. मग सरळ रस्ता लागायचा आणि मागून तो आवाज यायचा. सोनेरी टीमचा. चढा, कानस फिरवल्यासारखा, जरासा नाकातला. सोनेरी टीमचा मालक दर मोसमात नवी इंजिनं आणायचा, आणि त्यांच्यावर तो जे उधळायचा त्यात उस्तादांचं अख्खं वर्कशॉप नव्यानं उभं राहिलं असतं. तो आवाज ठकीच्या मागून यायचा, शेजारी यायचा आणि पुढे निघून जायचा. वळणावर पोरीनं कमावलेलं सगळं सरळ रस्त्यावर हातचं जायचं. कठड्याशी उभे राहून ते बघताना उस्तादांचा जीव तुटायचा.

म्हणून ते बैठकीत बोलले. एकाच कारखान्यातून एकसारखी इंजिनं यावीत, सील लावलेली. त्यांना कुणी हात लावायचा नाही. कुणाच्या वाट्याला कुठलं येतं ते चिठ्ठ्या टाकून ठरवावं. "मग कळेल, गाडी कोण चालवतं आणि चेकबुक कोण चालवतं," असंही म्हणाले. लोक हसले, टाळ्या पडल्या. मत घेतलं तेव्हा सगळ्यांत आधी हात वर गेला तो सोनेरी मालकाचा. उस्तादांना तिथंच शंका यायला हवी होती, पण टाळ्यांनी त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं. बाहेर पडताना सोनेरी मालकानं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "उस्ताद, माझा केवढा खर्च वाचवलात तुम्ही."

या बोलण्यातली मेख पुढच्या मोसमात कळली. ट्रॅकमागच्या मैदानात सोनेरी टीमचा काचेचा दुमजली तंबू उभा राहिला. आत गालिचे, कारंजं आणि शर्यतीकडे पाठ करून गप्पा मारत बसलेले पाहुणे. इंजिनावरचा पैसा गेला कुठे, तर तिथं. उरला तो टायरांवर आणि सरावाच्या दिवसांवर, ज्यांच्याबद्दल नियमात चकार शब्द नव्हता. शर्यती ते जिंकतच राहिले. मग सगळ्याच टीमना तंबू हवे झाले. कुणाचा उंच, कुणाचा रुंद, कुणाच्या दारात वाजंत्री. गाडी कशी पळते हे विचारणारा माणूस दिसेनासा झाला.

तरी नियम खोटा होता असं नाही, हे कबूल करायला हवं. सरळ रस्त्यावर आता ठकीला कुणी गिळत नव्हतं. शेपटाकडून ती मधल्या रांगेत आली, एकदा तर तिसरी आली, आणि त्या दिवशी धाकट्यानं सगळ्या वर्कशॉपला जेवण दिलं. म्हणजे उस्तादांना जे हवं होतं ते मिळालं होतं. फक्त त्यात त्यांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. खोक्यातून इंजिन यायचं, सील बघायचं, बोल्ट आवळायचे, झालं. आणखी एक गोष्ट गेली, ती त्यांनी कुणाला सांगितली नाही. पूर्वी कठड्याशी डोळे मिटून उभं राहिलं तरी आपलं इंजिन कुठं आहे ते त्यांना कळायचं. पोर आता कुठल्या वळणात आहे हे कानांनी दिसायचं. आता सगळ्या गाड्या एकाच आवाजात ओरडत जात. उस्ताद मान वेळावून गाडीचा रंग शोधत बसायचे, आणि ते त्यांना फार लागायचं.

जुनी इंजिनं धाकट्यानं विकून टाकली. राहिलं ते एकच. नियम येण्याआधीच्या हिवाळ्यात उस्तादांनी बांधलेलं, त्यांच्या हातून झालेलं सगळ्यांत चांगलं. ते बांधून झालं आणि नियम मंजूर झाला. तेव्हापासून ते वर्कशॉपच्या कोपऱ्यात चादरीखाली पडून होतं, एकदाही चालू न झालेलं.

चालू न होण्याचं कारण वेडेपणाचं होतं, पण ते त्या घरचं होतं. ठकी लहान असताना उस्तादांनी तिला मांडीवर घेऊन गाडीत बसवलं होतं आणि नव्या इंजिनाचं बटण तिला दाबू दिलं होतं. इंजिन गरजलं तेव्हा पोर घाबरण्याऐवजी खदखदून हसली होती. तेव्हापासून नवं इंजिन पहिल्यांदा चालू व्हायचं ते गाडीत बसवून, ठकीच्या हातानं. आधी वर्कशॉपमधल्या चाचणीच्या बाकावर लावून चालवून बघायचं असतं, दुसरे सगळे तेच करतात, हे उस्तादांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पण रीत म्हणजे रीत. आता नव्या गाडीत सीलवाल्या इंजिनाखेरीज दुसरं बसत नव्हतं, आणि जुनी गाडी चाकं काढून ठोकळ्यांवर ठेवलेली होती. "बाबा, त्याला कधी बसवायचं?" असं ठकी अधूनमधून विचारायची. "मोसम संपू दे," असं उस्ताद सांगायचे. मोसम संपायचा आणि दुसरा सुरू व्हायचा.

धाकट्यानं जाहिरातदार गाठला होता तो गाद्यांच्या कंपनीचा. शर्यतीचा कान फोडणारा गोंगाट आणि त्यावर शांत झोपेची जाहिरात, याचं उस्तादांना सुरुवातीला हसू यायचं. पण कंपनीच्या मालकीणबाई व्यवहाराला पक्क्या होत्या. त्यांनी ठकीला शर्यतीच्या पोशाखातच गादीवर आडवं करून फोटो काढले, आणि गाद्या खपल्या.

एक दिवस सकाळी धाकटा वर्कशॉपमध्ये आला आणि चादरीकडे बघत उभा राहिला.

"बाईंना आपल्या तंबूत काहीतरी बघण्यासारखं हवंय, दादा. सोनेरीवाल्यांकडे कारंजं आहे."

"मग तूही कारंजं लाव."

"इंजिन हवंय त्यांना. कापलेलं. आतलं सगळं दिसलं पाहिजे, पिस्टन वरखाली होताना."

"भंगारात मिळेल एखादं."

"बाहेरचं आणलं तर 'आमच्या उस्तादांनी बांधलेलं' कसं म्हणणार? त्यांना तेच हवंय. तू शेजारी उभा राहून माहिती द्यायची."

"म्हणजे इंजिनाबरोबर मलाही कापणार."

धाकटा हसला नाही. "बाई सोनेरीवाल्यांशी बोलताहेत, माझ्या कानावर आलंय. त्या गेल्या तर पुढच्या मोसमात ठकीला कुठं बसवायचं ते तूच सांग. मला तरी दुसरं कुणी दिसत नाही."

उस्ताद बराच वेळ हात पुसत राहिले. हात स्वच्छच होते.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पण दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मीच कापीन."

"आधी एकदा चालू करून घे," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज जरा खाली आला होता. "ठकी फिरतीवर आहे जाहिरातीच्या, पण एक दिवस येईल ती. जुन्या गाडीला मी चाकं चढवून घेतो."

"नको."

"दादा."

"नको म्हटलं ना. तिला कशाला धावपळ."

धावपळीचं निमित्त होतं. खरं म्हणजे उस्ताद घाबरले होते. एकदा तो आवाज ऐकला असता तर त्यांना कापवलं नसतं, आणि ठकीनं तर कापूच दिलं नसतं, गाडीतली तिची सीट गेली तरी. आणि त्या भीतीखाली थोडा रुसवाही होता. इतके दिवस धाकट्याला या इंजिनाची आठवण नव्हती, आता तरी कशाला. पन्नाशी उलटलेला माणूस रुसला की समजूत काढायलाही कुणी येत नाही, आणि धाकट्याला तर तंबूची घाई होती. तो गेला.

उस्तादांनी इंजिन खोललं, एकेक भाग कपड्यावर मांडला आणि ब्लॉक यंत्रावर पक्का आवळला. वर्कशॉपमधली माणसं न सांगता कॉफी प्यायला बाहेर गेली. कुठून कापलं म्हणजे आतलं नीट दिसेल हे उस्तादांइतकं कुणाला माहीत असणार? त्यांनी धारा घासून गुळगुळीत केल्या, कापलेल्या कडा लाल रंगवल्या, खाली विजेची छोटी मोटर बसवली. पिस्टन अलगद वरखाली होऊ लागले. काम सुरेख झालं होतं. ते इतकं मन लावून केलं याचीच त्यांना लाज वाटली.

शर्यतीच्या दिवशी तंबूत ते इंजिन दिव्यांखाली ठेवलं होतं. पाहुणे गाद्यांवर रेलून सरबत पीत होते. उस्तादांना नवं जाकीट दिलं होतं, पाठीवर 'निर्धास्त झोपा' असं छापलेलं. शर्यत त्यांनी तंबूतल्या पडद्यावर पाहिली; कठड्याशी जायला परवानगी नव्हती, पाहुणे काही विचारतील म्हणून. ठकी सुंदर चालवत होती. शेवटच्या फेरीत तिनं वळणाच्या आतून सोनेरी गाडीला मागे टाकलं, सरळ रस्ता लागला, आणि सोनेरी गाडी मागेच राहिली. ठकी दुसरी आली. उस्तादांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या एका क्षणी त्यांना बैठकीत बोलल्याचं अजिबात वाईट वाटलं नाही.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा बाई पुढे आल्या. "उस्ताद, तुम्हाला एक गंमत दाखवायची होती," त्या म्हणाल्या आणि इंजिनाच्या चौथऱ्यावरचं एक बटण त्यांनी दाबलं. ते बटण काल तिथं नव्हतं. आवाज सुरू झाला. पाहुणे दचकू नयेत म्हणून हळू ठेवलेला, पण चढा, कानस फिरवल्यासारखा, जरासा नाकातला.

उस्तादांनी धाकट्याकडे पाहिलं. धाकटा त्यांच्या कानाशी आला. "बाईंना आवाज हवा होता, दादा. आपला कुठून आणणार? हा सोनेरीवाल्यांच्या जुन्या इंजिनाचा मिळाला. कुणाला कळतंय?"

खरंच, कुणालाच कळत नव्हतं. पिस्टन उस्तादांचे हलत होते आणि आवाज सोनेरी टीमचा येत होता.

तेवढ्यात ठकी आत आली, हेल्मेट काखेत, केस घामानं कपाळाला चिकटलेले. महिनाभरानं ती बापाला भेटत होती. हसत हसत निम्म्या वाटेवर आली आणि थांबली. आधी तिनं आवाज ऐकला, मग इंजिन पाहिलं. कोपऱ्यातलं इंजिन तिनं ओळखलं, कडा लाल रंगवल्या होत्या तरी.

"बाबा, हा त्यांचा आवाज आहे," ती हळूच म्हणाली.

"हो."

"मला झोपेतही ओळखता येईल हा." ती इंजिनाकडे बघत राहिली. "आपला कसा होता? कापायच्या आधी चालू केलं असशील ना एकदा."

उस्तादांना खोटं बोलता आलं असतं. खर्जातला होता, गोल होता, असं काहीही सांगितलं असतं तर पोरीनं मानलं असतं. पण त्यांना ते जमलं नाही.

"नाही केलं," ते म्हणाले.

"मला एक दिवस बोलवायचं होतंस."

"आली असतीस तर कापू दिलं नसतंस."

"नसतंच दिलं," ठकी म्हणाली. "पण ऐकलं तरी असतं दोघांनी."

आपण सीट वाचवली, असं ते म्हणू शकले असते. पण पोरीनं सीट मागितली नव्हती. तिनं विचारलं होतं ते फक्त, त्याला कधी बसवायचं.

गादीवरून एक पाहुणा उठून जवळ आला. चांगला माणूस होता, मनापासून विचारत होता. "उस्ताद, खरंच असा आवाज यायचा का याचा?"

बाई हसत बघत होत्या. त्यांच्या मागे धाकटा उभा होता आणि त्याचा चेहरा उतरला होता. उस्तादांनी ठकीकडे पाहिलं, तिच्या छातीवरच्या गादीच्या चित्राकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "असाच."

ठकीनं काखेतलं हेल्मेट डोक्यात घातलं आणि पुढची काच खाली ओढली. तंबूत असं कुणी करत नाही. पाहुण्यांना त्याची गंमत वाटली आणि ते फोटो काढू लागले. "अशीच उभी राहा बाबांच्या शेजारी," बाई म्हणाल्या, आणि जे उशिरा आले होते त्यांच्यासाठी त्यांनी बटण पुन्हा दाबलं.