आठाचे चार

चांगला आकडा कुणी परत तपासत नाही, हा आपल्या सगळ्या ऑफिसांचा जुना आजार आहे, मंडळी. वाईट आकडा आला की दहा जण चष्मे पुसून बसतात. चांगला आला की टाळ्या. वनखात्याच्या त्या ऑफिसात यंदा आकडा आला होता आठ. गेल्या वर्षी जंगलात पाचच वाघ होते.

हा आकडा काढला होता फोटोताईंनी. जंगलातल्या कॅमेऱ्यांचे फोटो पाहायचे आणि पट्ट्यांवरून वाघ ओळखायचे, हे त्यांचं काम. नोकरी कंत्राटी, दरवर्षी साहेबांच्या सहीवर टिकणारी, आणि यंदाची सही अजून व्हायची होती. चार वाजता बैठक होती. वाघ वाढलेत, तेव्हा जंगलाच्या मधून रस्ता काढायला हरकत नाही, असं साहेब तिथे सांगणार होते.

दीड वाजता वनरक्षक मामा शेवटच्या कॅमेऱ्याचं कार्ड घेऊन आले. ताईंनी ते सहज उघडलं. पाणवठ्यावर एक वाघीण आली, पाणी प्यायली, वळली आणि आल्या वाटेने गेली. येताना डावी कूस दिसली, जाताना उजवी. डावीचे पट्टे तीन नंबरच्या वाघाचे होते आणि उजवीचे सात नंबरच्याचे!

ताईंनी दोन्ही फोटो पुन्हा ताडून पाहिले. वाघाच्या दोन कुशींवरचे पट्टे वेगवेगळे असतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात. यंदा निम्मे बिघडले, एकेकच उरला. कुठे डाव्या कुशी मिळाल्या, कुठे उजव्या. चार डाव्या आणि चार उजव्या, आणि घाईघाईत ताईंनी सरळ बेरीज मारली होती. खरं तर एकच बाजू धरून मोजायचं. म्हणजे खात्रीने सांगता येतील असे वाघ चारच. वाढायचं राहिलं बाजूला, एक कमीच भरत होता.

त्यांनी कार्ड काढून खणात टाकलं. मामा स्टुलावर बसून बघत होते. आठाचे चारच उरले, पण एवढ्या-तेवढ्याने काय बिघडतं, असं ताई पुटपुटल्या. आता तोंड उघडलं तर सही गेलीच म्हणून समजा, हेही बोलून गेल्या. मामा एरवी चेष्टेखोर माणूस, पण आज हसले नाहीत.

"ताई, तुमच्या नळाला पाणी येतं त्या ओढ्याचं मूळ त्याच जंगलात आहे. वाघाचा धाक गेला की हरणं-डुकरं बेसुमार वाढतात, एक रोप वर येऊ देत नाहीत. मागोमाग कुऱ्हाड शिरते. झाडं गेली की माती जाते, आणि माती गेली की ओढा आटतो."

"मला सही लागते हो, मामा."

"लागते ना. पण आठ लिहिलंत, तर उद्या एक गाडीखाली गेला तरी लोक म्हणतील, अजून सात आहेत की. तुमच्या कागदावरचे ते जादा चार कधी मरणारच नाहीत, ताई. ते जन्मलेच नाहीत."

ताईंनी खणातलं कार्ड पुन्हा बाहेर काढलं. चाराला दहा कमी असताना त्यांनी दोन्ही फोटो छापले आणि साहेबांच्या केबिनचं दार लोटलं.

साहेब फाइल बांधून निघालेच होते. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा लाल झाला. आकडा वरपर्यंत कळवलाय, आता पुढच्या वर्षी दुरुस्त करू, आज गप्प राहा, असं त्यांनी बजावलं. ताईंनी फोटो टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"साहेब, आतापर्यंत ती माझी चूक होती. आता माहीत असून गप्प बसले, तर ती लबाडी होईल."

साहेब त्या दोन कुशींवर वाकले. मग खुर्चीत बसले, फाइल सोडली आणि आठावर काट मारली. बाहेरून वळसा घेतला तर रस्ता कितीने लांबेल, एवढंच त्यांनी विचारलं. नऊ किलोमीटर, ताई म्हणाल्या.

बैठकीत खूप आरडाओरडा झाला, पण रस्ता बाहेरून गेला. ताईंना चुकीबद्दल मेमो मिळाला आणि त्याच पेनाने कंत्राटावर सहीही मिळाली.

मंडळी, वाघ राखणं म्हणजे लांबच्या एका जनावरावर उपकार करणं नव्हे. सकाळी नळाखाली जी बादली भरते, तिची ती राखण आहे. आणि राखायचं तर आधी खरं मोजावं लागतं, मोजणाऱ्याला कितीही महाग पडलं तरी.