छांग आहेत का?

आमच्या गॅरेजच्या फाटकात आलेला माणूस पहिलं काय विचारतो? "छांग आहेत का?" छांग म्हणजे मिस्त्री, कारागीर. हा शब्द नावाच्या आधी लागतो आणि लोकांनी लावला तरच लागतो. स्वतःहून लावून घेतला तर गाव हसतं.

फाटकावरच्या पाटीवर अजून माझ्या नवऱ्याचं नाव आहे, छांग प्रयून. नवरा गेल्या वर्षी डोकं भादरून, चीवर नेसून देवळात भिक्खू होऊन बसला. ज्या माणसाला जन्मभर शिव्या घातल्या त्याच्यापुढे आता मला गुडघे टेकून हात जोडावे लागतात. असो, आपले भोग.

तर मी गिऱ्हाइकाला सांगायचे, "छांग देवळात गेले. पण पोरगी आहे ना, तिला दाखवा की." मग गिऱ्हाईक माझ्या तेंगमोकडे बघायचं. अंगानं काडी, गालाला ग्रीस, केसांना माझ्या भाजीच्या जुडीचं रबर. "बरं बरं, पा लम्दुआन, नंतर येतो." पा म्हणजे मावशी, आणि लम्दुआन मी. नंतर कोण येतंय डोंबलाचं! रस्ता ओलांडून सगळे त्या छांग बुनलर्तकडे. आणि जे थांबायचे ते तिला म्हणायचे 'नू'. नू म्हणजे उंदीर. आमच्या खोरात भागात पोरीबाळींना लाडानं तसंच हाकारतात. लाड ठीक आहेत हो, पण चांगली घोडी झालेली बाई इंजिन उघडून बसलीय आणि तुम्ही तिला उंदीर म्हणता? मीसुद्धा नूच म्हणते, पण मी आई आहे.

एक दिवस बर्फाच्या कारखान्याचे लुंग सवात, म्हणजे सवातकाका, आपली पिकअप घेऊन आले. गाडी जुनी, पण पोटात जपानी टर्बो इंजिन बसवलेलं. लुंगना वय झालं तरी शर्यतीचा नाद सुटत नाही. अडचण अशी होती, की टर्बोची हवा वाढली की इंजिनाची कंपनीची पेटी घाबरायची आणि इंधनच तोडायची. ही पेटी म्हणजे इंजिनाचा मेंदू; कधी किती पेट्रोल द्यायचं, ठिणगी कधी पाडायची, सगळं तीच ठरवते. लुंगनी नवी, आपल्याला हवी तशी शिकवता येणारी पेटी आणली होती. बुनलर्तला शर्यतीआधी सवड नव्हती, म्हणून पावलं आमच्याकडे वळली.

"नू, तुला जमेल का गं?" लुंगनी विचारलं.

"जमेल, लुंग," तेंगमो म्हणाली. बस, दोन शब्द. पोरगी बापावर गेलीय.

बोलायचं काम मग माझ्याकडे आलं. मी बाजारात, कोळंबीवालीच्या टोपलीपुढे उभी राहून, पन्नास माणसांच्या देखत बोलून बसले, "रविवारी ही गाडी पळाली नाही, तर गॅरेजला कुलूप ठोकते आणि किल्ली बुनलर्तच्या हातात देते!" बुनलर्त तिथंच पपई निवडत होता. म्हणाला, "पा, किल्लीला तेल घालून ठेवा." मेला!

घरी आल्यावर तेंगमोला कळलं. ती एवढंच म्हणाली, "आई, तुझ्या तोंडालाही एक पेटी बसवायला हवी."

काम मात्र बघण्यासारखं केलं हो तिनं. आधी उदबत्ती लावून गाडीच्या देवीला, मे यानांगला, हात जोडले, "माते, तुझ्या अंगाला हात लावतेय, राग धरू नकोस." मग पत्रा खोलला. कुणी दुसरा असता तर जुन्या तारा कचाकच कापून नव्या जोडून मोकळा झाला असता. हिनं एक तार कापली नाही. मधे जोडायचा नवा जुडगा स्वतः विणला, म्हणजे उद्या वाटलं तर जुनी पेटी जशीच्या तशी परत बसावी. एकेक तार बसवली की ओढून बघायची. पेटी ठेवली समोरच्या, कागदपत्रं ठेवायच्या कप्प्याच्या मागे, बाजूला बसणाऱ्याच्या पायांच्या वर, इंजिनाच्या धगीपासून आणि पावसापासून लांब. मग लॅपटॉप मांडीवर घेऊन पेटीला शिकवणं. हवेचा दाब मोजणारा सेन्सर खरं बोलतो का, ठिणगी नेमकी वेळेवर पडते का, सगळं तपासलं. मग साबुदाण्याच्या कंदांच्या शेतांमधल्या रिकाम्या रस्त्यावर गाडी थोडी थोडी दामटत नेली.

मी शेजारी बसले होते. टर्बोनं शीळ घातली आणि माझी पाठ सीटला चिकटली. मी ओरडले, "अगं बाई, नू, मेले!" ती हसत होती. इतकी हसताना मी तिला बाप देवळात गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

रविवार उजाडला. शर्यती जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर. लुंग सवात सकाळी आधी देवळात जाऊन, गाडीला भिक्खूंचा आशीर्वाद घेऊन मग मैदानावर आले. आरशाला जाईजुईची ताजी माळ. माझ्या नवऱ्यानंच मंत्र म्हटले होते. मला बरं वाटलं. चला, बापाचा हात लागला पोरीच्या कामाला.

पहिली धाव. दिवा हिरवा झाला, गाडी सुटली, आणि अर्ध्यात जाऊन उचकी लागल्यासारखी झटके खायला लागली. फटाक फटाक आवाज. शेजारची गाडी निघून गेली. लुंग कसेबसे परत आले, चेहरा काळाठिक्कर.

"नू, काय केलंस हे?"

बुनलर्त हातात भाजलेल्या कोंबडीची तंगडी घेऊन हजर. "मी सांगत होतो, लुंग. मुलींनी वेणी घालावी, तारांचे जुडगे घालू नयेत." आणि माझ्याकडे वळून, "पा, किल्ली आणलीय ना?"

दहा-पंधरा माणसं फिदीफिदी हसली. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. दुपारी दुसरी धाव होती. तीही अशीच गेली, तर मी सगळ्यांच्या देखत जे बोलले ते मला पुरं करावं लागणार होतं, आणि कुलूप माझ्या तोंडाचं, पण लागणार पोरीच्या हातांना.

तेंगमो पुढे झाली. लॅपटॉप जोडला. पडद्यावर हवेच्या दाबाचा आकडा बेडकासारखा उड्या मारत होता, आणि इंजिन तर नुसतं उभं होतं. ती खाली वाकली. तशीच थांबली. मग नाक पुढे नेऊन तिनं वास घेतला. मीही वाकले. जाईचा वास! पण माळ तर वर आरशाला, मग वास खालून कसा?

तिनं पेटीचा जोड सोडवला. आत पाणी. पिनांच्या मधे मेणाचा एक पांढरा कण, आणि जाईची एक पाकळी.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मेणबत्तीचं मेण टाकून मंतरलेलं पाणी, फुलांनी शिंपडतात ते! सगळे चाकांवर, टपावर शिंपडतात. लुंगना वाटलं असणार, सगळ्यात नवी वस्तू पेटी, तर सगळ्यात जास्त आशीर्वाद पेटीला. कप्पा उघडून भांडंच रितं केलं म्हाताऱ्यानं! आणि पाणी कुणाच्या हातचं? माझ्या नवऱ्याच्या. आपलेच दात, आपलेच ओठ.

मी तोंड उघडलं. आता या बुनलर्तला आणि लुंगना असं काही सुनावणार होते, की धावपट्टीच्या त्या टोकाला ऐकू गेलं असतं. तेवढ्यात तेंगमोनं माझं मनगट धरलं. घट्ट. पाकळी मुठीत मिटली आणि उभी राहिली.

"लुंग, जोड ओला झालाय," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "मी त्याला पाणी लागणार नाही असं धरून चालले. झाकायला हवा होता. चूक माझी."

"बघा, कबूल झाली!" बुनलर्त म्हणाला.

अहो, माझ्या जिवाचं काय झालं असेल! पण मी गप्प बसले. आयुष्यात पहिल्यांदा. कारण मला कळलं, ती काय वाचवत होती. भर मैदानात वडीलधाऱ्याची लाज, देवीचा मान, आणि बापाच्या हातचं पाणी.

मी धावत जाऊन, शर्यतीच्या गाड्यांपाशी नटूनथटून छत्री धरून उभ्या राहणाऱ्या पोरींकडून केस वाळवायचं यंत्र मागून आणलं. तेंगमोनं एकेक पिन पुसली, वाळवली, जोड बसवला, रबरी पट्टी गुंडाळून बंद केला. पडद्यावरचा आकडा शहाण्यासारखा एका जागी बसला. मग ती लुंगच्या कानाशी लागून हळूच म्हणाली, "पुढच्या वेळी चाकांवर शिंपडा हं, लुंग," आणि पाकळी त्यांच्या तळहातावर ठेवली.

लुंग पाकळीकडे बघतच राहिले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग गाडीत जाऊन बसले.

दुसरी धाव. हिरवा दिवा. या खेपेला उचकी नाही, झटका नाही. टर्बोची शीळ चढत गेली, चढत गेली, आणि शेजारची गाडी मागे, मागे, आणखी मागे! मी नाचले. हो, नाचले, या वयात, चपला हातात घेऊन. बुनलर्तची तंगडी हातातच राहिली.

लुंग परत आले ते सरळ माईकवाल्याकडे गेले. त्यानं विचारलं, "लुंग, पेटी कुणी बसवली?"

"सकाळी गाडी झटके खात होती ती माझ्या मूर्खपणामुळे," लुंगचा आवाज मैदानभर घुमला. "पेटीला आशीर्वाद म्हणून मी भांडंभर पाणी पाजलं तिला. आणि या पोरीनं सगळ्यांच्या देखत स्वतःवर घेतलं. पेटी बसवली छांग तेंगमोनं. ऐकू आलं का, बुनलर्त? छांग तेंगमो!"

माझी पोरगी टायरवर बसून लॅपटॉपची वायर गुंडाळत होती. मान वर केली नाही. पण वायर तिनं चुकीची गुंडाळली, परत सोडली, परत गुंडाळली. मी ब्लाऊजच्या बाहीनं डोळे पुसत होते आणि शर्यत बघायला आलेल्या कोळंबीवालीला ढोसत होते, "ऐकलंस? ऐकलंस का गं?"

सोमवारी सकाळी मी फाटकात चिकट भाताची पुरचुंडी सोडून बसले होते. एक अनोळखी माणूस गाडी घेऊन आला. काच खाली केली.

"छांग आहेत का?"

सवयीनं तोंडात आलं होतं, छांग देवळात गेले. ते गिळलं. घास खाली ठेवला, आत वळले, आणि पलीकडे बुनलर्तच्या दारापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं हाक मारली:

"छांग! ए छांग तेंगमो! बाहेर या, गिऱ्हाईक आलंय!"