ट्रे हातात असेल तर

“ओतिलियाबाई, उठा,” फाबियान म्हणाला, तेही शवपेटीशेजारी, मयताच्या बायकोदेखत.

ओतिलियाचा हात त्या बाईच्या पाठीवर होता. “एकटीच बसलीय हो ही.”

“कॉफी देणाऱ्यानं बसायचं नाही. ट्रे हातात असेल तर उभंच राहायचं. दर्जाचा नियम आहे.”

“ट्रे खाली ठेवलाय की.”

“तोंड चालवू नका.”

मी शववाहिकेचा ड्रायव्हर, दारातून ऐकत होतो. बुकारामांगा शहरातल्या आमच्या अंत्यसंस्कार कंपनीत ओतिलिया कित्येक वर्षं बिनदुधाची कॉफी वाटत होती. ज्याच्याजवळ कोणी फिरकत नाही, नेमकी त्याच्याजवळ ती जाऊन बसायची. लोक तिच्यासाठी आमच्याकडे मयत आणायचे. पण मालकानं दर्जा सुधारायला बोगोताहून हा टायवाला फाबियान आणला. गुणी माणसं हवीत, असं तो उठताबसता सांगायचा आणि त्यानं भरल्या काय, तर ठरलेलं वाक्य ठरलेल्या हसऱ्या चेहऱ्यानं म्हणणाऱ्या पोरी. मला त्याचा संताप यायचा, अजूनही येतो.

त्याच आठवड्यात त्यानं ओतिलियाला काढलं. तिनं एप्रनची घडी करून दिली आणि पोरींना म्हणाली, “कॉफीत दालचिनी घालत जा गं.”

पुढे फाबियानचाच बाप गेला. पेटी अंत्यदर्शनासाठी आमच्याच दालनात ठेवली. पोरी हसून ठरलेलं वाक्य म्हणून गेल्या. ऑफिसची मंडळी त्याला मिठ्या मारून बाहेर फुटबॉलवर बोलत उभी राहिली. त्याची आई पुढच्या रांगेत एकटी, दगडासारखी बसून होती.

तो माझ्याकडे आला. “ओतिलियाबाईंना घेऊन ये. आई पाणीसुद्धा घेत नाहीये.”

“नियमात बसतं का ते?”

त्याच्यासाठी नाही, म्हातारीसाठी मी गाडी काढली.

ओतिलिया काळ्या झग्यात आली, इतर पाहुण्यांसारखी. फाबियाननं एका पोरीच्या हातातला ट्रे घेतला आणि स्वतः कॉफी आणली. ओतिलियानं एक कप उचलला, म्हातारीशेजारी बसली, घोट घेऊन बघितला.

“पाणचट आहे. तरी घ्या दोन घोट. मी बसलेय इथं.”

म्हातारीनं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि पहिल्यांदाच रडली. आईच्या दुसऱ्या बाजूची खुर्ची रिकामी होती. फाबियान तिकडे वळला.

“ट्रे आहे तुमच्या हातात,” ओतिलिया त्याच्याकडे न बघता म्हणाली.

ट्रे तिथंच खाली ठेवता आला असता. तो मात्र दोन्ही हातांनी धरून उभा राहिला, कॉफी पार गार होईपर्यंत.