पेटीला विचारलेली गाडी

जुनी पिकअप गेली ती रुबाबात गेली. डोंगराच्या चौथ्या वळणावर, हौद्यात रिकाम्या मधपेट्या असताना तिच्या चेसिसने मधोमध हात टेकले आणि ती अशी वाकली, जणू रस्त्यात सांडलेलं काहीतरी शोधते आहे. ताईने गिअरवरचा हात काढला, किल्ली फिरवून घेतली. मग उतरली, बॉनेटवर थाप मारली आणि शेजारच्या आसनावरच्या भावाला म्हणाली, "उतर. आता पायगाडी."

त्या भावाला सगळे धाकटा म्हणत. तो एकेचाळीस वर्षांचा होता. त्याच्या कानशिलांवर पांढरी पहाट फुटू लागली होती, वाचायला चष्मा लागत होता, घरी दोन मुलं त्याला बाबा म्हणत होती. पण मधमाशांच्या धंद्यात तो धाकटाच राहिला होता. बावीस वर्षं तो त्या आसनावर बसून डोंगर चढला. फाटकं उघडणं, धुराचं भांडं पेटवणं आणि मतं देणं ही त्याची कामं. त्यांपैकी पहिल्या दोन कामांची दखल घेतली जाई. मतं खिडकीतून बाहेर पडत आणि मागे धुळीत राहत.

त्याच संध्याकाळी, मेणाच्या वासाने जड झालेल्या खोलीत चौकटी खरवडता खरवडता ताई म्हणाली, "गाडी तू निवड."

धाकट्याच्या हातातली सुरी थांबली. "मी?"

"दुसरं कोण आहे इथे? दहा दिवसांत वरच्या पठारावर फुलं उघडतील. चाळीस पेट्या वर जायला हव्यात. नीट निवडलीस, तर त्या चाळीस पेट्या तुझ्या हाती. गाडी तुझी, डोंगर तुझा, मी खालचं बघीन. चुकलास, तर आहे तसंच चालू."

आहे तसंच! त्या दोन शब्दांत बावीस वर्षांची सगळी फाटकं करकरली.

"आणि पेटीला विचारून," ताईने पुस्ती जोडली.

हे सांगायची गरज नव्हती. त्यांच्या घरात कुठलीही गाडी पेटीला विचारल्याशिवाय आली नव्हती. वडिलांनी हातगाडीसुद्धा अशीच घेतली होती: जाळीने दार बंद केलेली एक भरली पेटी वर ठेवायची, डोंगरवाटेने न्यायची, परत आणायची आणि फळीला कान लावायचा. आतल्या आवाजाच्या वडिलांनी चार पायऱ्या केल्या होत्या. गुणगुण म्हणजे गाडी घ्या. कुरकुर म्हणजे विचार करा. भणभण म्हणजे नको. चौथ्या पायरीला नाव नव्हतं. त्या वेळी कान काढून पळायचं असे.

अडचण एवढीच होती, की धाकट्याने पेटीला विचारण्याआधीच मन देऊन टाकलं होतं. शहरातल्या शोरूममध्ये एक पांढरी पिकअप उभी होती. तिच्या काचेत त्याने स्वतःला पाहिलं, तेव्हा तो त्याला कुणाचाही धाकटा वाटला नाही. आसनांवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं. आत असा वास होता, जसा न उघडलेल्या पत्राला असावा. तो तिच्याभोवती तीनदा फिरला, तेव्हा विक्रेत्याने मोठ्या समजूतदारपणे नजर दुसरीकडे वळवली.

ताईचा डोळा मात्र मिस्त्रीच्या गाडीवर होता. मिस्त्रीच्या गॅरेजमागे दगडखाणीतून निवृत्त झालेली एक राखाडी पिकअप होती. चारही चाकांना जोर, उंच पोट, आणि अंगावर इतके पोचे, की पाऊस त्यांत मुक्कामाला थांबे. ताई तिच्याबद्दल बोलत नव्हती. फक्त त्या दोन-तीन दिवसांत तिला गॅरेजकडे चार वेळा काम निघालं.

ठरल्या दिवशी सकाळी दहाला दोन्ही गाड्या डोंगराच्या पायथ्याशी येणार होत्या. धाकटा सातलाच पेट्यांच्या रांगेत पोचला. त्याने बराच विचार केला होता आणि तो विचार फारसा उजेडात आणण्याजोगा नव्हता. सगळ्या पेट्या एकसारख्या हिरव्या. ओळख फक्त वरच्या पत्र्याच्या झाकणावर रंगवलेल्या आकड्यावरून. त्यांत सात नंबरची वसाहत म्हणजे संतमंडळी. पेटी आपटली तरी आतून दिलगिरी व्यक्त व्हावी इतकी सालस. आणि एकोणीस नंबर! एकोणीस नंबरच्या माशा ढग सरकला तरी तक्रार नोंदवत. धाकट्याने सात नंबर नव्या गाडीसाठी काढली, एकोणीस नंबर मिस्त्रीच्या गाडीसाठी, आणि चेहऱ्यावर कोरा कागद पसरला.

"कुठल्याही दोन उचलल्या," तो ताईला म्हणाला.

"बरं केलंस," ताई म्हणाली. "तू जा, त्यांना वाट दाखव. मी जाळ्या बघते."

नवी गाडी आली तीच मुळी उन्हाला लाजवत. विक्रेता टाय लावून आला होता. हौद्यात पेटी ठेवली जाताना तो दाराआड सरकला.

"सर, यात... आत आहेत?"

"वीस हजार तरी असतील," धाकटा म्हणाला. "घाबरू नका, ही पेटी देवमाणसांची आहे."

धाकट्याने चाक हाती घेतलं. पहिल्या दगडावर गाडी उडाली, दुसऱ्यावर विक्रेता उडाला. रिकाम्या हौद्यात दोराने बांधलेली एकुलती पेटी चाळणीतल्या खड्यासारखी नाचत होती. "सर, हिची पकड बघा," विक्रेता म्हणत होता आणि स्वतः दाराच्या कडीला धरून होता. ओढ्याच्या अलीकडूनच वळून ते परत आले. धाकट्याने फळीला कान लावला आणि ताडकन मागे झाला. आत चौथी पायरी चालू होती. जाळीतून कशी कोण जाणे सुटलेली एक माशी विक्रेत्याच्या टायवर बसली. तो इतका स्थिर झाला, की शोरूममध्ये मांडता आला असता.

"देवमाणसं रागावली वाटतं," ताई म्हणाली आणि चिमटीत अलगद माशी उचलून घेतली.

मग मिस्त्रीची गाडी. तिचं दार उघडलं तेव्हा ते एखादी जुनी कैफियत सांगितल्यासारखं किरकिरलं. मिस्त्री स्वतः शेजारी बसला, तंबाखू मळत. हौद्यात एकोणीस नंबर. तीच वाट, तेच दगड. परत आल्यावर धाकट्याने लांबूनच, मान तिरकी करून कान लावला.

आत गुणगुण होती. मंद, एकसंध, दुपारच्या झोपेत कुणीतरी स्वतःशीच बोलावं तशी.

"बघा," मिस्त्री म्हणाला. "माशांना माणसांपेक्षा जास्त कळतं. निदान काही माणसांपेक्षा."

धाकट्याला पांढरी गाडी हातातून गेलेली दिसली. पण त्याचबरोबर एक शंकाही आली. एकोणीस नंबर जन्मात कधी गुणगुणली नव्हती. तो पेटीच्या मागे गेला. मागची फळी नवीकोरी, अजून न रंगवलेली, पांढुरकी. ही फळी त्याने स्वतःच गेल्या महिन्यात बदलली होती. सात नंबरच्या पेटीची.

ताईने झाकणं बदलली होती.

त्याने ताईकडे पाहिलं. ताई आभाळाकडे पाहत होती. आभाळात काहीही नव्हतं. आरडाओरडा करावा, तर आधी स्वतः सात नंबर कशासाठी निवडली हे सांगावं लागलं असतं. तो तिच्याजवळ जाऊन हळूच म्हणाला, "ताई, सातची फळी एकोणीसच्या झाकणाखाली कशी आली?"

"अगंबाई," ताई म्हणाली, "आणि कुठल्याही दोन उचलल्यास, त्यात नेमक्या सात आणि एकोणीसच कशा आल्या?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. आधी ताईचा खांदा हलला, मग धाकट्याचा. मग दोघं इतकी हसली, की मिस्त्रीची तंबाखू सांडली आणि विक्रेत्याला वाटलं, माशी आता आपल्या पाठीवर आहे.

हसू ओसरल्यावर मात्र धाकटा गंभीर झाला. लबाडी बाजूला ठेवली तरी एक गोष्ट त्याला टोचत होती. वडिलांच्या हातगाडीवर पेट्या मावत चार. तिथे एका पेटीला विचारणं ठीक होतं. पिकअपच्या हौद्यात जायच्या चाळीस. रिकाम्या गाडीच्या स्प्रिंगचे पाटे ताठ असतात, भरल्या गाडीचे दबतात. एका पेटीने दिलेली साक्ष ही चढणाऱ्या गाडीची साक्ष नव्हतीच. बावीस वर्षं ते आपले एका पेटीला विचारत आले होते आणि चाळीस पेट्या लादून नेत होते. मधल्यामध्ये जुनीची चेसिस मोडली होती.

"वडिलांची पद्धत चुकीची आहे," तो म्हणाला. हे वाक्य त्याच्या तोंडून निघालं आणि कुठल्याही खिडकीतून बाहेर पडलं नाही. ताई आभाळातून खाली आली.

"मग कशी विचारणार?"

"चाळीस रिकाम्या पेट्या आणा. दगड भरा, वजन सारखं करा. माशा नकोत."

"आणि कान कुणाला लावायचा?"

"मीच पेटी," धाकटा म्हणाला. "मी हौद्यात बसतो. तू चालव. ओढ्यापलीकडे, थेट पठारापर्यंत."

दगड भरण्यात एक तास गेला. विक्रेत्याने टाय सोडून खिशात ठेवला आणि दोघांइतके दगड वाहिले. माशा नाहीत म्हटल्यावर माणूस भलताच मोकळा झाला.

भरलेली नवी गाडी आश्चर्यकारक मऊ चालली. पेट्यांच्या मधोमध उकिडव्या बसलेल्या धाकट्याला वाटलं, आपण कुणाच्या तरी श्वासावर बसलो आहोत. डोंगर त्याच्याखालून शहाण्या जनावरासारखा जात होता. त्याने डोळे मिटले. ही माझी, तो मनात म्हणाला. तेवढ्यात ओढा आला. गाडीचं नाक खाली गेलं, पोट दगडावर टेकलं, पुढे काहीतरी लांब, दुःखी आवाज करून तुटलं आणि पुढचा बंपर पाण्यातून सावकाश निघून जाऊ लागला. विक्रेता गुडघाभर पाण्यात त्याच्यामागे धावला.

मिस्त्रीची गाडी भरल्यावर तोच ओढा अशी पार झाली, जणू पाणीच बाजूला सरकलं. पण मागे, हौद्यात? मागे धाकट्याचं पानिपत चाललं होतं. थकलेले पाटे प्रत्येक खळग्यात तळाला जाऊन आदळत होते. पठारावर पोचेस्तोवर त्याची जीभ दोनदा चावली गेली होती आणि चष्म्याची एक काडी पेट्यांत हरवली होती.

तो उतरला. वाऱ्याने त्याचे केस विस्कटले. पठारावर कळ्या अजून मिटलेल्या होत्या. लक्षावधी लहान मुठी, आत काहीतरी घट्ट धरून. खाली ओढ्याकाठी पांढरी गाडी उन्हात उभी होती, तोंडातला एक दात पडल्यासारखी, तरीही सुंदर. धाकट्याने तिच्याकडे पुरेसा वेळ पाहून घेतलं. मग तोंडातलं रक्त थुंकून म्हणाला, "मिस्त्रीची घ्यायची."

"का?" ताईने विचारलं. तिला हवं होतं ते मिळालं होतं. पण तिला कारण हवं होतं.

"नवीचं पोट खाली आहे, ते उचलता येत नाही. हिचे पाटे मेले आहेत, ते बदलता येतात. मिस्त्री, नवे पाटे घाला, स्प्रिंगचं एक जादा पान टाकून. मग भरून पुन्हा आणीन. तेव्हा जीभ शाबूत राहिली, तर गाडी माझी."

"तीन दिवस लागतील, मालक," मिस्त्री म्हणाला. तो त्याला पहिल्यांदाच मालक म्हणाला, आणि तेही टोमणा न मारता.

ताईचा चेहरा मोठा बघण्यासारखा झाला. तिच्या आवडीची गाडी आली होती आणि तिच्याबरोबर डोंगर चालला होता. दोन्ही एकाच वाक्यात. "मी काय म्हणते," तिने सुरुवात केली, "या वर्षापुरतं मीच चालवते. पाटे नवे, सवय व्हायला हवी..."

"कुणाला सवय व्हायला हवी? पाट्यांना?"

"उद्धट झालास हं तू."

"मलाही पोचे पडलेत," धाकटा म्हणाला.

पाटे बसले. जीभ शाबूत राहिली. आठव्या दिवशी सकाळी, माशा बाहेर पडायच्या आत, चाळीस पेट्या हौद्यात चढल्या. ताई किल्ली बोटाभोवती फिरवत चालकाच्या दाराशी आली, तर धाकटा आधीच आत बसलेला, आसन पुढे ओढून, हात बाहेर पसरलेला. ताईने त्या तळहाताकडे क्षणभर असं पाहिलं, जसं परक्या घराच्या उंबऱ्याकडे बघावं. मग किल्ली त्यावर ठेवली, गाडीला वळसा घातला आणि पलीकडून चढली.

पहिल्या वळणावर तिचा पाय खालच्या पत्र्यावर जोरात दाबला गेला. दुसऱ्या वळणावरही.

"ताई, तिकडे ब्रेक नाहीये."

"माहितीये मला," ताई म्हणाली आणि चौथ्या वळणावर तिने तो नसलेला ब्रेक अधिकच जोराने दाबला.