खडू कुणाच्या हाती

थोरल्या सुनेच्या पोटात दुखायचं ते एकाच गोष्टीवरून. सासूबाई धाकटीशी वाद घालायच्या.

शिवणकामाच्या त्या दुकानात सासऱ्यांच्या वेळेपासूनचा एक नियम होता. कापडावर खुणा करायचा खडू टेबलाच्या कोपऱ्यात ठेवलेला असे. दुसऱ्याचं पटलं नाही तर तो उचलायचा, आणि आपलं घोडं दामटण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडानं सांगायचं. समोरचा "हो, हेच" म्हणाला की मगच आपलं. सासू-सासऱ्यांच्या एका अबोल्यात म्हणे आख्खा कोट दोन डाव्या बाह्यांचा शिवला गेला होता, तेव्हा सुचलेलं हे शहाणपण.

धाकटी लग्न होऊन आली आणि आल्या आल्या तिनं खडू उचलला. थोरलीला वाटलं, आता हिची चांगली खरडपट्टी निघणार. कसलं काय! सासूबाई चष्मा कपाळावर सारून तिच्याशी तासन् तास वाद घालायच्या आणि हरल्या की हसायच्या. चहा गार व्हायचा, तो पुन्हा गरम करायला थोरलीच उठायची. तिनं स्वतः मात्र कधी खडूला हात लावला नव्हता. "तुम्ही म्हणाल तसं, आई," हे तिचं ठरलेलं उत्तर. मान राखणं म्हणजे हेच, असं तिला वाटे. सासूबाई मान डोलावून पुढच्या कामाला लागत, आणि हिच्या जिवाची नुसती आग आग होई.

त्यात आता सासूबाईंचे हात थरथरू लागले होते. नाट्यगृहाचा पडदा हे आपलं शेवटचं मोठं काम, त्यानंतर टेबल आणि मोठी कात्री एकीच्या हवाली, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. कुणाच्या, ते सांगितलं नव्हतं. थोरलीला ते कुणी सांगायची गरजही वाटत नव्हती, आंधळ्यालाही दिसलं असतं.

मखमल आली. मखमलीला लव असते. ती वरच्या दिशेनं ठेवली तर रंग गडद दिसतो, खाली ठेवली तर जरा फिका. धाकटी म्हणाली, लव वरच हवी. सासूबाईंनी कापड हातावर घेऊन पाहिलं आणि खूष होऊन म्हणाल्या, "डोळा आहे गं तुला."

ते वाक्य थोरलीच्या काळजाला झोंबलं. नाट्यगृहाचा जुना पडदा तिनंच उसवला होता. त्याचीही लव वर होती, आणि तिच्यात साठलेली धूळ मुठीमुठीनं मांडीवर पडली होती. शिंकून शिंकून जीव नकोसा झाला होता. म्हणजे हिचं चुकतंय. गप्प बसावं, ती मनाशी म्हणाली. कापू दे. नाट्यगृहवाले बोंबलत आले की कळेल, कुणाला किती डोळा आहे ते. विचार मोठा गोड होता, तिनं तो थोडा वेळ चघळलाही. पण सासूबाईंनी मोठी कात्री धाकटीपुढे सरकवली, आणि थोरलीच्या हातात खडू कधी आला ते तिचं तिलाच कळलं नाही.

दोघीही तिच्याकडे बघत राहिल्या.

"हिला आपलं झकपक हवं," थोरली म्हणाली. "टिकलं काय, न टिकलं काय, पडलंय कुणाला."

"नाही ताई," धाकटी शांतपणे म्हणाली. "हे माझं म्हणणं नाही."

दुसऱ्या खेपेला थोरलीनं टोमणा जरा मऊ केला, तरी धाकटीची मान हलेना. नियम म्हणजे नियम. मग चरफडत तिनं मखमल धाकटीला दिव्याखाली धरायला लावली आणि स्वतः मागे मागे सरत दारापर्यंत गेली. आधी लव खाली. मग वर. जे दिसलं ते तिला मुळीच आवडलं नाही, कारण ते सुंदर होतं.

"तुझं म्हणणं असं," ती सावकाश म्हणाली, "की शेवटच्या रांगेत बसणाऱ्यालाही हा रंग पुरा मिळावा. लव खाली ठेवली तर तो फक्त पुढच्यांच्या वाट्याला येईल."

"हो, हेच," धाकटी म्हणाली. "मला इतकं नीट सांगता आलं नसतं."

थोरलीचा राग निम्मा उतरला, निम्मा तसाच राहिला. मग तिनं धुळीचं सांगितलं. रंग आज दिसेल, पण लवेत धूळ बसली की शेवटच्या रांगेला सोडाच, पहिल्या रांगेलाही तो दिसणार नाही.

सासूबाईंनी चष्मा कपाळावर सारला. "मला पटत नाही," त्या म्हणाल्या, आणि तिच्या हातातून खडू घेतला.

थोरलीचे डोळे भरून आले. एवढ्याच शब्दांसाठी आपण इतकी वर्षं जळत होतो, हे तिला आत्ता कळत होतं.

"तुझं म्हणणं असं, की पडदा झाडायचा त्रास नको," सासूबाई म्हणाल्या.

"नाही, आई," थोरली म्हणाली. "हे माझं म्हणणं नाही."

त्या दिवशी मखमल काही कापली गेली नाही. कात्री टेबलावर तशीच पडून राहिली, आणि ती द्यायची आपल्याला आता घाई नाही, असं सासूबाईंनी मध्येच सांगून टाकलं. चहा गार झाला. तो गरम करायला या वेळी धाकटी उठली. दारात थांबून तिनं एकदा वळून दोघींकडे पाहिलं. ती नजर थोरलीनं तिथल्या तिथे ओळखली. इतकी वर्षं तीच नजर घेऊन ती स्वतः शेगडीपाशी उभी राहत आली होती.

थोरलीनं सासूबाईंकडून खडू मागून घेतला आणि धाकटीपुढे धरला.

"चहा राहू दे गं," ती म्हणाली. "तू ये आधी. तुझ्यावाचून अडलंय आमचं."