एकशे एक बटणांचा कॉम्प्युटर

मित्रांनो, चारठाण्याला दत्तरावाच्या घोंगड्यांच्या दुकानात गेलात, तर बसायला घोंगडं टाकलेला एक ठोकळा मिळेल. तो मी. मी एक जुना कॉम्प्युटर आहे, आणि माझ्यावर बसणाऱ्यांपेक्षा मला इथं आणणाऱ्याचा राग जास्त आहे.

परभणीच्या एका दवाखान्यात मी तीन वर्षं इमानदारीनं नोकरी केली. रुग्णाचं नाव, आजार, खाट, बरा की मयत, एवढंच मला शिकवलं होतं. डॉक्टरीणबाई सगळ्यांदेखत माझं कौतुक करायच्या. मग नवं यंत्र आलं आणि मला जुन्या यंत्रांच्या दुकानात विकायला ठेवलं.

एक्याण्णवच्या दिवाळीआधी दत्तराव आला. त्याच्या आईनं, भिवराबाईनं, सूत कातायचं, यानं विणायचं आणि पत्रानं मागणी आली की घोंगडं पोस्टानं धाडायचं, असा धंदा. अठरा घोंगडी तयार होती. थंडीआधी ती गेली नाहीत, तर मायलेकरांची वर्षाची मेहनत खुंटीला लटकणार होती. पत्रांचा घोळ व्हायला लागला, म्हणून कॉम्प्युटर हवा.

माझ्या शेजारी एक चांगला होता, मालाच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर भरलेला. दत्तरावानं त्याची बटणं मोजली, एडक्याचे दात मोजावेत तशी.

"चौऱ्याऐंशी? चौऱ्याऐंशी लक्ष योनी फिरायला लावता का आमाला?"

मग माझी मोजली. "एकशे एक. आहेराचा आकडा हाय. हेच द्या."

दुकानदार म्हणाला, "मालक, त्याच्या पोटात दवाखान्याचं सॉफ्टवेअर हाय."

"ऱ्हाऊ द्या. घोंगड्यानंबी माणूस बराच होतो की."

मला येतं तेच मी केलं. देवगाव फाट्याच्या सितारामाची मागणी आली, मी पत्र छापलं. 'रुग्ण: सिताराम. आजार: काळं घोंगडं. खाट: चार.' दत्तरावानं न वाचताच ते घोंगड्याच्या पार्सलात घालून पोस्टात टाकलं. तिकडं सिताराम मेंढरं घेऊन रानात, बायको माहेरी, घराला कुलूप. पार्सल परत आलं. जो बरा होऊन घरी पोचला नाही, त्याला माझ्याकडे एकच शब्द. मी 'मयत' छापलं. तेही पत्र गेलं, आणि माहेराहून परतलेल्या बायकोच्या हाती पडलं.

आठवड्यानं दुकानापुढं टेम्पो थांबला. सितारामाची बायको कुसुमबाई सात नातेवाइकांसकट रडत उतरली. "माझा माणूस कुठं ठिवलाय?"

दत्तराव तोंड उघडतोय, तेवढ्यात मागून सायकलवर घामाघूम सिताराम आला. "चारठाण्याला आपल्यातली माती हाय म्हणले. कोण गेलं?"

कुसुमबाईनं त्याला दोन्ही हातांनी चाचपला. मग दत्तरावाकडं वळली. त्यानं लगेच माझ्याकडं बोट केलं.

"मशीनच येडं हाय, वयनी."

"येडं? एडका घेताना कोणत्या कळपातला म्हणून इचारता ना? मग ह्याला इचारलं का, बाबा, तू आजवर काय काम करत व्हतास?"

भिवराबाईची सूत कातायची चाती थांबली. "आमी दातच मोजले, बाई," ती म्हणाली.

मग सगळ्यांनी बसून हातानं पत्ते लिहिले, आणि सतरा घोंगडी त्याच टेम्पोतून सेलूच्या पोस्टात गेली. अठरावं सिताराम अंगावर घेऊनच गेला.

मी मात्र येडाच ठरलो. मित्रांनो, यंत्र खुशाल घ्या, पण त्याला काय येतं ते आधी विचारा, आणि न विचारता घेतलंत तर निदान त्याच्यावर बसू नका. बटणांची पाटी तेवढी देवळीत ठेवलीय, दसऱ्याला तिला हार घालतात. सिताराम दर बाजाराला येतो, माझ्यावर बसून चहा पितो. माझ्या पोटात तो अजून मयतच आहे. एकशे एक बटणं आहेत, कुणीतरी एक दाबा आणि त्याला जिवंत करा.