भिंतीपलीकडच्या मुंग्या

भादव्यातला पाऊस दुपारी थांबला आणि दिवेलागणीला पंचफुलाबाईंच्या नातीनं, ऋतुजानं, अंगणातल्या भिंतीवर पांढरं धोतर टांगून त्यापुढं बल्ब लावला. अहमदपूरच्या कॉलेजात तिला काचेच्या पेटीत मुंग्यांचं घर वाढवून दाखवायचं होतं. त्यासाठी राणी पाहिजे, आणि पंखवाल्या राण्या वर्षातून अशा एखाद्याच संध्याकाळी उडतात. आज हुकली की वर्ष गेलं.

मुंग्यांचं बीळ मात्र भिंतीपलीकडं, थोरल्या जाऊबाईंच्या, विठाबाईंच्या कडुलिंबाखाली. विठाबाई तिथं रोज सकाळी साखर टाकायच्या. वाटणी होऊन चाळीस वर्षं झाली, तेव्हापासून दोघी जावा भांडणापुरत्याच बोलत.

पहिली राणी धोतरावर येऊन बसली. ऋतुजानं ती अलगद बाटलीत घेतली, तोच भिंतीवर विठाबाईंचं डोकं उगवलं.

"पंचफुले, माझ्या मुंग्या चोरायलीस व्हय गं?"

"मुंग्यांवर तुमचं नाव लिवलंय का, बाई?"

"चाळीस वर्सं साखर मी घातली. तू कवा चिमूटभर टाकली?"

"टाकली असती. साखरेचा डबा बी वाटणीत तुमच्याकडंच गेला की!"

"मोठी आजी, एक-दोनच पाहिजेत मला," ऋतुजा म्हणाली.

"तू गप बस. आजीवरच गेलीस."

डोकं खाली गेलं. थोड्या वेळात पलीकडं खळ्यावरचा हॅलोजन लागला. त्याच्यापुढं इकडचा बल्ब मेल्यासारखा दिसू लागला. धोतराभोवती घिरट्या घालणाऱ्या सगळ्या मुंग्या वळल्या आणि भिंतीवरून परत गेल्या.

"आल्या माझ्या लेकी माघारी!" विठाबाई ओरडल्या.

जरा वेळानं पंचफुलाबाईंनी बाजेवर चढून पलीकडं पाहिलं. हॅलोजनखाली पितळी परात होती, पाण्यानं भरलेली. त्यांच्या माहेरची, वाटणीत पलीकडं गेलेली. पंचफुलाबाई नव्या नवरी होत्या तेव्हा ह्याच जाऊबाईंनी शिकवलं होतं, कंदिलाखाली परातीत पाणी ठेवावं, म्हणजे किडे भाकरीवर पडत नाहीत. दोघी शेजारी बसून भाकरी थापायच्या, परातीतले किडे मोजून हसायच्या. आज विठाबाईंनी सवयीनंच परात ठेवली असणार. पाण्यावर राण्यांचा थर तरंगत होता आणि विठाबाई एकेक बोटानं उचलून जमिनीवर ठेवत होत्या. एकही हलत नव्हती.

इकडं बाटलीतल्या राणीनं पंख गाळले होते.

"आता ही घर करणार," ऋतुजा आनंदानं म्हणाली.

विठाबाई ताडकन उठल्या आणि त्यांचं डोकं पुन्हा भिंतीवर आलं. "जिती हाय? दे इकडं. माझी हाय ती."

ऋतुजानं बाटली पोटाशी धरली.

"माझ्या बापानं दिलेली परात द्या," पंचफुलाबाई म्हणाल्या, "अन् मुंगी न्या."

विठाबाईंनी परातीकडं पाहिलं, बाटलीकडं पाहिलं. मग पाणी भसकन ओतून दिलं, परात काखेत मारली आणि आत जाऊन हॅलोजन बंद केला.

ऋतुजाचे डोळे भरले होते. "आजी, तिनं परात दिली असती तर?"

"ती देती व्हय?" बाजेवरून उतरत पंचफुलाबाई म्हणाल्या. "चांगली वळखते मी तिला."